बदलीचा साबण

दोन जावा एका घरात राहतात आणि भांडत नाहीत, हे पाहून येणाऱ्याजाणाऱ्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. थोरली साबण करायची, धाकटी फोटो काढायची, आणि दोघींच्या मध्ये एक खोली होती. खोली खरी थोरलीची. तिथे लाकडी फळ्यांवर तिचे साबण महिना महिना सुकत पडलेले असत. धाकटीची नोकरी सुटली तेव्हा कुणी न विचारता थोरलीने त्या फळ्या उचलल्या, आपल्या पलंगाखाली सरकवल्या आणि म्हणाली, "घे, थाट तुझं दुकान." तेव्हापासून भाऊजी, म्हणजे थोरलीचे यजमान, झोपेत शिंकायला लागले आणि धाकटीच्या खात्यावर एक उपकार चढला. थोरलीने तो कधी बोलून दाखवला नाही. बोलून दाखवलेला उपकार तिथेच निम्मा फिटतो. न बोललेला चढतच जातो.

म्हणून हॉटेलवाल्या बाईंचं बोलावणं आलं तेव्हा थोरलीपेक्षा धाकटीलाच जास्त आनंद झाला. या बाई बऱ्याच हॉटेलांची खरेदी बघायच्या. थोरलीचा साबण त्यांनी कुणाच्या तरी घरी हात धुताना वापरला होता आणि हाताचा वास घेत घेतच पत्ता विचारला होता. प्रत्येक खोलीत हाच साबण ठेवायचा, असं त्यांच्या मनात होतं. पण आधी एक फोटो हवा होता, वरच्या साहेबांना दाखवायला आणि खोलीतल्या कार्डावर छापायला. साबण टेबलावर ठेवलेला नको, हवेत हवा. भोवती पाण्याचे थेंब, तेही हवेतच. हल्ली सगळंच हवेत असतं, बूट काय, घड्याळं काय, बिस्किटं काय. जमिनीला टेकलेली वस्तू म्हातारी दिसते.

थोरलीला हे फारसं पटलं नव्हतं. साबण हातातून निसटतो हे तिला ठाऊक होतं. निसटून वरच राहतो हे नवीन होतं. मग धाकटीने तिला सगळं समजावून सांगितलं. आधी नुसत्या रिकाम्या पडद्याचा फोटो काढायचा. मग कॅमेरा जराही न हलवता वस्तू मागून सळईला टोचायची किंवा वरून दोऱ्याला टांगायची, आणि दुसरा फोटो काढायचा. कॉम्प्युटरवर दोन्ही एकावर एक ठेवले की सळई पुसून टाकता येते, कारण तिच्यामागे काय होतं ते पहिल्या फोटोत असतंच. माझं निम्मं काम पुसायचंच आहे, असं धाकटी म्हणायची. त्यावर भाऊजी न चुकता विचारायचे, मग फरशी का राहते?

तिच्या कामाची आणखी एक रीत होती. दिवे लावून, हलवून, कमीजास्त करून बघण्यात बराच वेळ जातो. तेवढा वेळ खरी वस्तू दिव्यांखाली राहिली तर सुकते, विरघळते, तिच्यावर बोटं उमटतात. म्हणून तिच्या मापाची दुसरी कुठली तरी वस्तू ठेवायची. तिला धाकटी बदली म्हणायची. बदलीवर दिवे बसवायचे, मग बदली उतरवायची आणि खरी चढवायची. व्यवहार सगळा सरळ, फक्त शेवटची पायरी गाळायची नाही.

फोटोच्या दिवशी थोरलीने आपले निवडक साबण मऊ फडक्यात गुंडाळून आणले, बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणावं तसे. रंग दुधाळ मधाचा. वरच्या अंगाला चमचा फिरवल्याची एक लाट, दरवेळी वेगळी. आणि प्रत्येक वडीचा एक कोपरा अंगठ्याने दाबलेला. ताजी कापलेली कड तळहाताला टोचते, म्हणून पहिल्यापासून ती एक कोपरा दाबून द्यायची. शिक्का वगैरे तिच्या मनातही नव्हतं, पण तिचा साबण लोक त्या खळग्यावरून ओळखत. फडकं टेबलावर ठेवून तिने भाऊजींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. जाताना दारातून म्हणाली, "उडव आता त्यांना."

धाकटी बदली शोधायला बाथरूममध्ये गेली. थोरलीच्या राज्यात दुकानचा साबण घरात आणायला बंदी होती. पण राज्य म्हटलं की चोरवाट आलीच. गीझरच्या मागे, भिंतीला चिकटून, एका जुन्या डबीत भाऊजींचा दुकानचा साबण होता. त्यांना तो त्याच्या फेसासाठी आवडायचा. हे धाकटीला बरेच दिवस माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे भाऊजींनाही माहीत होतं. तिने तो घेतला, वर कोरलेलं नाव सुरीने तासलं, ओल्या कापडाने अंग गुळगुळीत केलं. सळईच्या टोकाची सुई तापवून मागून घातली तर ती लोण्यात गेल्यासारखी गेली आणि गार झाल्यावर खिळ्यासारखी बसली.

दिवे जुळले, थेंबही जुळले. तिने सहज बटण दाबलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे आलं ते बघून तिच्या अंगावर काटा आला. रंग जरा मधाकडे वळवला, सळई पुसली, आणि साबण उठून वर गेला. जणू त्याला खाली यायचं कारणच उरलं नव्हतं.

मग खऱ्याची पाळी आली. पहिल्याला सुई टोचली तर तो सुकलेल्या मातीसारखा उभा तडकला. दुसऱ्याला मासे धरायचा पारदर्शक दोरा बांधला. दोरा हळूहळू आत गेला आणि तिच्या डोळ्यांदेखत साबणाचे दोन तुकडे झाले. तिसऱ्याला मागून गोंद लावला. दिवे जुन्या पद्धतीचे, गरम. साबणाला घाम फुटला, गोंद सुटला, आणि तो नेमका दाबलेल्या कोपऱ्यावर पडला. उरलेल्यांना हात लावायची धाकटीची छाती झाली नाही. उद्या दिवे थंड ठेवू, मागून आधाराला छोटी पट्टी करू, असं तिने मनाशी ठरवलं. ठरवलं ते अगदी मनापासून. तुटलेले आणि उरलेले सगळे खणात ठेवले, भाऊजींचा तासलेला साबणही त्यांच्याच शेजारी टाकला, आणि खण लावला.

तेवढ्यात थोरली आली, चपला न काढता थेट आत. पडद्यासमोर उभी राहिली. पदराने हात पुसले, हात कोरडे होते तरी.

"हा माझा?"

धाकटी म्हणाली, "हं."

हं म्हणजे काही शपथ नव्हे. कोर्टात टिकायचा नाही. पण घरात टिकतो. धाकटीला पुढचं वाक्य बोलायचं होतं, की हा नुसता बदली आहे, तुमचा उद्या चढवणार. पण थोरलीचे डोळे भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांसमोर दुरुस्तीची वाक्यं तयार होत नाहीत. थोरलीने भाऊजींना हाक मारली. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातल्यामुळे त्यांना सगळं धूसर दिसत होतं. ते म्हणाले, "फारच सुंदर. काय आहे?"

मग थोरली आणखी जवळ गेली. "माझा अंगठा कुठे गेला गं?"

धाकटीचा हात खणाच्या कडीकडे गेला. पण थोरली स्वतःच हसली. "पुसलास होय, त्या सळईबरोबर? बरं केलंस. उगाच गावठी दिसतं."

ही सबब थोरलीनेच तिच्या हातात ठेवली आणि धाकटीने ती घेतली. नुसती गप्प राहिली. पुढे तिने स्वतःला अनेकदा समजावलं की आपण खोटं असं बोललोच नाही. जे काही खोटं होतं ते थोरली आपल्या तोंडाने बोलली होती, आणि आपण एक अक्षर, फार तर. असा हिशेब मांडता येतो. फक्त तो जुळत नाही.

फोटो उद्याची वाट न बघता त्याच संध्याकाळी बाईंकडे गेला. साहेब खूश, कार्डं छापायला पडली, मागणी पक्की झाली. पहिला साबण थोरलीने पाठवला तेव्हा हॉटेलवाल्या बाईंचा फोन आला. बाई गोड बोलायच्या, त्यामुळे नकार कुठे सुरू होतो ते कळायला वेळ लागायचा. साबण छान आहे, वास तर काय सांगावा, पण तो चित्रासारखा दिसत नाही. कार्डावर एक आणि साबणदानीत दुसरा, असं पाहुण्यांना वाटायला नको. चित्रात आहे तसा हवा.

थोरलीला हे मान्य होतं. तिचंच चित्र, तिचाच साबण. एकदा जमला होता, पुन्हा का जमू नये?

तिने फोटोची मोठी प्रत तेलाच्या बरण्यांना टेकवून उभी केली आणि कामाला लागली. पहिला घाणा लाट घेऊनच निघाला, नेहमीसारखा. चित्रात लाट नव्हती. दुसऱ्यात तिने वरचं अंग सुरीने सपाट केलं, तर कडा भुसभुशीत झाल्या. तिसरा चांगला घोटला, तर पोटात हवेचे फुगे राहिले. दर घाण्याच्या शेवटी ती कामाच्या ओट्याशी उभी राहून चित्राकडे बघायची आणि मग आपल्या हातांकडे.

धाकटी चहा घ्यायला आली की ती विचारायची, "त्या वेळी मी काय घातलं होतं गं? आठवतं तुला?" बदामाचं तेल जास्त झालं होतं का, की दूध गार होतं? त्या दिवशी ऊन होतं का? असं ती खोदून खोदून विचारत राहायची. जी किल्ली घरात कधी नव्हतीच, ती एखाद्याने घरभर शोधत राहावी, तसं ते चाललं होतं. धाकटी म्हणायची, नाही आठवत. हे मात्र खोटं होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं.

तिने नवऱ्याला सांगितलं. धाकटा मनाने चांगला, पण पाण्यात उतरायच्या आधी दुसऱ्याला पाठवणारा. त्याने बराच विचार करून मत दिलं की वहिनीला सांगायची वेळ गेलेली आहे आणि न सांगायची अजून आलेली नाही. शिवाय सांगितलं तर दादाची डबीही उघडी पडते, त्याचं काय? भाऊजींचं वेगळंच चाललं होतं. त्यांचा साबण गेला होता आणि कुठे गेला हे विचारायची सोय नव्हती. एकदा ते चित्रासमोर उभे राहून, डोळे बारीक करून म्हणाले, "हा मला ओळखीचा वाटतो." मग त्यांची आणि धाकटीची नजर एक झाली, आणि ते वर्तमानपत्र शोधायला गेले. घरात आता चोर दोन झाले होते, आणि दोघांच्या गप्प बसण्याला एकमेकांचा टेकू होता.

धाकटीने दुसऱ्या वाटेने फेड सुरू केली. थोरलीच्या आधी उठून भांडी घासायची, बाजारातून पिशव्या उचलून आणायची, थोरलीच्या पाठीला तेल लावून द्यायची. थोरलीने थोडे दिवस हे सहन केलं. मग विचारलं, "तुला काही हवंय का माझ्याकडून? सरळ माग. असं भ्यायला होतं." धाकटी म्हणाली, काही नको. एकदा कपडे वाळत घालताना तिने तोंड उघडलंही. "ताई, त्या फोटोचं..." एवढं बोलली आणि चादरीच्या पलीकडून थोरलीचा आवाज आला की त्या फोटोमुळेच मला कळलं माझ्या हातात काय आहे, नाहीतर मी आयुष्यभर लाटाच काढत बसले असते. चादर दोघींच्या मध्ये होती. धाकटीने ती नीट ताणून चिमटे लावले.

मग थोरलीने पाककृतीच मोडली. मऊ तेलं काढून टाकली, घट्ट तेलं वाढवली. दूध बंद, मध बंद. साबण कडक करणारी कसलीशी पूड आणली आणि एक जुनं दाबयंत्र मिळवलं. साच्यात साबण ठेवून दांडा ओढला की तो एकदम गुळगुळीत, सारखा, बिनलाटेचा बाहेर पडायचा. साबण ओतायचे जुने लाकडी साचे मागच्या अंगणात गेले. आणि एके दुपारी ती एक वडी तळहातावर ठेवून धाकटीच्या खोलीत आली.

"बघ. जमला एकदाचा."

खरंच जमला होता. पडद्यावरचा आणि तळहातावरचा, दोघे सख्खे भाऊ. धाकटीने साबणाकडे बघितलं, मग तो ज्यावर होता त्या हाताकडे. थोरलीचे हात तिच्या धंद्याची जाहिरात होते. वय झालं तरी मऊ. आता बोटांची टोकं फुटली होती, अंगठ्याला उभी चीर पडली होती. थोरली म्हणाली की पुडीमुळे होतं तसं, सवय होईल.

त्या दिवशी धाकटीने त्या साबणाने अंघोळ केली. फेस भरपूर. वास बाजारातला. अंग पुसल्यावर कातडी ताणली गेली, घासलेल्या भांड्यासारखी. हॉटेलवाल्या बाईंना मात्र तो इतका आवडला की त्यांनी मागणी वाढवली.

यापुढेही धाकटी गप्प राहिली असती. माणूस सवयीने कशालाही गप्प राहतो. पण एका सकाळी लाकडं न्यायला सरपणवाला आला, आणि थोरली अंगणातले साचे एकेक करून त्याच्या गाडीत टाकू लागली. साचे जुने, तेल पिऊन काळे झालेले. त्यातला एक गाडीच्या कडेवर आपटला आणि त्यातून अजूनही मधाचा वास आला. धाकटी खिडकीतून बघत होती. ती बाहेर कधी आली आणि तिने साच्याचं दुसरं टोक कधी धरलं, हे तिलाच कळलं नाही.

"ताई, तो फोटो तुमच्या साबणाचा नाही."

"कुठला फोटो?"

"तोच. त्यातला साबण दुकानचा आहे. नाव तासून लावला होता, नुसते दिवे बघायला. तुमचे टांगले तर तुटले. मी दुसऱ्या दिवशी चढवणार होते."

थोरलीने साचा सोडला नाही, धाकटीनेही सोडला नाही. सरपणवाला दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला आणि मग गाडीच्या चाकात काहीतरी बघायला खाली वाकला.

थोरली रागावेल अशी धाकटीची तयारी होती. पण थोरलीने आधी कामाचं विचारलं. दुकानचा म्हणजे कुठला? आणि घरात आला कुठून? धाकटी म्हणाली, गीझरच्या मागून. थोरलीने मान वळवून घराकडे बघितलं. खिडकीत भाऊजी होते, आता नव्हते.

"म्हणजे जो साबण मी ह्यांना अंगाला लावू देत नाही," थोरली सावकाश म्हणाली, "त्याची नक्कल करायला मी हात फोडून घेतले."

धाकटीला रडू आलं. थोरलीने तिला रडू दिलं, थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. सरपणवाल्याला तिने सांगितलं की आज एवढंच, आणि हातातला साचा परत भिंतीला टेकवून ठेवला. जे गाडीत गेले होते ते मागितले नाहीत.

मग ती म्हणाली, "सांगायचं होतं तर जमायच्या आधी सांगायचंस गं. आता जमला ना."

धाकटी म्हणाली की मी त्या बाईंना स्वतः जाऊन सांगते, माझी चूक होती म्हणून, नवा फोटो काढते, खऱ्याचा. थोरलीने मान हलवली. कार्डं छापली गेली होती, साबण खोल्याखोल्यांत पोचला होता, पाहुणे त्याने हात धुऊन निघून जात होते आणि कुणाची तक्रार नव्हती. त्यांना माझा कुठला हे कुठे ठाऊक आहे, ती म्हणाली. त्यांच्या लेखी हाच माझा.

आत आल्यावर तिने विचारलं, "माझे कुठायत?"

धाकटीने खण उघडला. मधाचा वास एकदम खोलीभर झाला. आपण मुळात कुणाची हे त्या खोलीला आठवलं असावं. तडकलेला होता, दोऱ्याने कापला गेलेला होता, कोपऱ्यावर आपटलेला होता, आणि ज्यांना हात लावला नव्हता ते होते. त्यांच्या शेजारी तासलेला दुकानचा, मागे सुईचं भोक घेऊन. थोरलीने एक अख्खी वडी उचलली आणि दाबलेल्या कोपऱ्यात अंगठा ठेवला. चिरेला साबण लागला असावा, तिने हात झटकला. मग वडी परत फडक्यात ठेवली, सगळ्यांचं गाठोडं केलं आणि घेऊन गेली. दुकानचा तेवढा खणातच राहिला.

दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये दोन साबणदान्या दिसल्या. एकीत दोऱ्याने कापलेल्या वडीचा अर्धा तुकडा, दुधाळ मधाचा. भाऊजी अंघोळ करून बाहेर आले ते खाली मान घालून, पण वास चांगला येत होता. दुसरीत दाबयंत्रातला, गुळगुळीत. कुठला कुणी वापरायचा हे थोरलीने सांगितलं नव्हतं. पुढेही कधी सांगितलं नाही. ती धाकटीशी बोलत होती, चहा देत होती, फोटोचं काम कसं चाललंय ते विचारत होती. फक्त आता साबणाचं काही विचारत नव्हती.

धाकटी रोज दुसऱ्या साबणदानीत हात घालते. अंग ताणलं जातं, हात रखरखीत होतात, ती काही बोलत नाही. पहिल्या साबणदानीतला तुकडा आठवडाभरातच विरघळून नाहीसा झाला. चांगल्या साबणाचं तसंच असतं. घट्ट साबणाचा गुण वेगळा, आणि तो थोरलीनेच तिला पूर्वी कधीतरी सांगितला होता, की तो लवकर झिजत नाही.